कडी आपली, वही मुलांची: शेतावर मुलं आणि कोंबड्या एकत्र वाढवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड एकराची घरची शेती, मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा, तुम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर शेतात. मुलांना जबाबदारीची सवय लागावी म्हणून १५-२० कोंबड्यांची पिल्लं आणायची आणि ती ‘मुलांची’ म्हणून त्यांच्यावर सोपवायची, असा विचार आहे. हे जमेल का, मुलांना धोका आहे का, आणि कोणतं काम कोणाला द्यायचं?

जमेल. मी १९ वर्षं कोंबड्या पाळते आहे आणि त्याच काळात माझी तीन मुलं त्याच अंगणात मोठी झाली. पण तुमच्या बेतातल्या तीन गोष्टी मी बदलायला सांगेन. १५-२० ऐवजी ६ ते ८ पक्षी आणा. पिल्लांऐवजी तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या तरुण कोंबड्या, आणा. आणि ‘मुलांच्या कोंबड्या’ हे शब्द घरात वापरू नका. कोंबड्या तुमच्या असतील, मुलं तुमच्या हाताशी असतील. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

माझी थोरली ९ वर्षांची असताना संध्याकाळी खुराडं बंद करायचं काम मी तिला दिलं होतं. तेव्हा आमच्याकडे ११ कोंबड्या होत्या. पाच महिने तिने एक संध्याकाळ चुकवली नाही. मला तिचं कौतुक होतं आणि मी हळूहळू विचारायचं सोडून दिलं. मग एका संध्याकाळी तिची मावसबहीण राहायला आली, दोघी खेळत राहिल्या, अंधार पडला आणि दार उघडंच राहिलं. त्या रात्री कोल्हा आला. सकाळी मी गेले तेव्हा उंबऱ्यापासून आंब्याच्या बुंध्यापर्यंत पिसं पसरली होती. तीन कोंबड्या तिथेच मरून पडल्या होत्या, चार नेल्या होत्या. उरलेल्या चार, रात्री बसायच्या दांड्याच्या अगदी टोकाला, भिंतीला अंग घासून बसल्या होत्या. ऊन वर आलं तरी एकही खाली उतरली नाही आणि एकीनेही आवाज काढला नाही. थोरली माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, मी मारल्या ना?”

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती रात्री उठून खुराड्याचं दार बघून यायची. पावसातसुद्धा. मी तिला कितीही सांगितलं तरी ते तिच्या मनातून जाईना, कारण काम खरोखरच तिचं एकटीचं होतं आणि तसं मीच ठरवलं होतं. चूक माझी होती. ११ जीव मी एका ९ वर्षांच्या मुलीच्या आठवणीवर टांगून ठेवले होते.

लहान मुलाने विसरणं हा दोष नाही, ते त्याच्या वयाचं लक्षण आहे. म्हणून ज्या कामात एकदा विसरल्यास पक्षी मरेल ते काम मोठ्या माणसाचं. रात्रीची कडी, उन्हाळ्यातलं पाणी आणि औषध ही ती कामं. मूल त्यात भाग घेईल, पण शेवटची नजर मोठ्याची. आमच्याकडे आजही पद्धत अशी आहे: मूल दांड्यावरचे पक्षी मोजतं, आकडा मोठ्याने सांगतं, मग आमच्यापैकी एक जण स्वतः मोजून कडी लावतो. आकडा दोनदा मोजणं म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणं नव्हे. शेजाऱ्याने मोजला असता तरी मी पुन्हा मोजलाच असता. हे मुलांना नीट समजतं आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

आता पक्ष्यांची संख्या. ६ कोंबड्यांपासून भरात असताना दिवसाला ४-५ अंडी मिळतात, चौघांच्या घराला ती पुरून उरतात. मोठी अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, आणि कडक उन्हात पाणी दुपटीवर जातं. ६ पक्ष्यांचं हे गणित तुम्हाला सकाळच्या घाईत, एका काखेत मूल असताना झेपतं. २० पक्ष्यांचं झेपत नाही. शिवाय ६ पक्षी मुलांना एकेक करून ओळखता येतात: ही पिवळ्या पायांची, ही तुरा एका बाजूला पडलेली, ही नेहमी शेवटी येणारी. कळप ओळखू येत नसेल तर आजारी पक्षीही ओळखू येत नाही. मात्र एकटी-दुकटी कोंबडी कधी ठेवू नका. तो कळपाने राहणारा जीव आहे, एकट्याने खंगतो.

कोंबडा पहिल्या वर्षी नकोच. अंडी घालायला कोंबडीला कोंबड्याची गरज नसते, पिल्लं काढायची असतील तरच लागते. कोंबडा कळपाची राखण करतो आणि धावत येणारं ३ वर्षांचं मूल त्याला संकटच वाटतं. तो उडी मारून पाय पुढे करतो आणि पायामागचा टोकदार काटा ज्या उंचीला लागतो ती त्या वयाच्या मुलाच्या चेहऱ्याची उंची असते. माणसावर धावणारा कोंबडा लहान मुलं असलेल्या घरात ठेवू नये, तो कितीही देखणा असला तरी.

पिल्लांबद्दल मी नाही म्हणते तेव्हा लोकांचा हिरमोड होतो. पिवळी पिल्लं आणि लहान मुलं हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. पण एका दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ती कमी करत न्यायची. म्हणजे घरात किंवा घराजवळ तापलेला दिवा, खाली कोरडा भुसा आणि आजूबाजूला धावणारी मुलं. दिवा पडून आग लागण्याची भीती खरी आहे. दुसरं, ३ वर्षांच्या मुलाला हाताचा जोर कळत नाही. पिल्लाचं छातीचं हाड मऊ असतं आणि त्याला श्वास घ्यायला छाती हलावी लागते. प्रेमाने घट्ट धरलेलं पिल्लू गुदमरतं, आणि हे मूल आयुष्यभर विसरत नाही. तिसरं, ऊब कमी पडली किंवा प्रवासात थकली तर पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद होते. ती कोमट पाण्याने सावकाश पुसावी लागते, दिवसातून दोनदा तपासावं लागतं. पहिल्याच वर्षी एवढं सगळं अंगावर घेऊ नका.

१६ ते १८ आठवड्यांच्या तलंगा घ्या. त्यांना दिव्याची गरज नाही, लसीकरण बहुतेक झालेलं असतं (विकणाऱ्याकडून कोणत्या लसी कधी दिल्या ते लिहून घ्या), आणि साधारण १८ ते २२ आठवड्यांच्या झाल्या की अंडी सुरू होतात. मुलांना महिनाभरात पहिलं अंडं सापडतं. ते छोटंसं असतं, कधी त्यात बलकच नसतो, कधी कवचावर रक्ताची पुसट रेघ असते. घाबरू नका, सुरुवातीला असं होतं.

पिल्लं दुसऱ्या वर्षी, आणि तीही खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली. तोवर तुमची मुलगी ७-८ वर्षांची असेल. फलित अंडी मिळवून कोंबडीखाली ठेवली की २१ दिवसांनी पिल्लं निघतात. ऊब, ओलावा, अंडी फिरवणं सगळं ती स्वतः करते. सातव्या रात्री अंधारात एक अंडं काढून टॉर्चच्या तोंडावर धरा. जिवंत अंड्यात एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून फुटलेल्या लाल शिरा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि नीट पाहिलं तर ठिपका हललेला दिसतो. माझ्या मधल्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कुजबुजत बोलायला लागला, जणू आतलं पिल्लू जागं होईल. विसाव्या दिवशी अंडं कानाशी धरलं तर आतून चिवचिव ऐकू येते.

त्यानंतरचा दिवस मुलांना सगळ्यात कठीण जातो. कवचाला पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. मुलं सारखी म्हणतात, “आपण सोलू या ना थोडं.” सोलायचं नाही. त्या वेळात आतल्या पडद्यातल्या शिरांमधलं रक्त पिल्लात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललं तर रक्तस्राव होऊन पिल्लू दगावतं. तोच बलक बाहेर आल्यावर पहिला एक-दीड दिवस त्याला पुरतो, म्हणून लगेच दाणा खाल्ला नाही तरी काळजी नको.

आता धोक्याबद्दल, कारण हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या पोटातही साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. ते विष्ठेतून बाहेर पडतात आणि पिसं, पाय, खुराड्याची जमीन, भांडी सगळीकडे लागतात. कोंबडीला सहसा काही होत नाही. माणसाला जुलाब, ताप, पोटात मुरडा होतो, आणि ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये तो आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच ५ वर्षांखालच्या मुलांना जिवंत कोंबड्या किंवा पिल्लं हाताळू देऊ नयेत असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला असतो. मी तो तंतोतंत पाळायला सांगते. तुमच्या ३ वर्षांच्या मुलाने जाळीबाहेरून बघायचं, तुमचं बोट धरून मूठभर दाणे आत टाकायचे. पक्षी धरायचा नाही, खुराड्यात शिरायचं नाही. त्याला त्यातही भरपूर आनंद मिळतो. दोन वर्षं पटकन जातात.

मुलीसाठी आणि तुमच्यासाठी नियम: खुराड्याच्या चपला वेगळ्या आणि त्या खुराड्याच्या दारातच राहतील. साबण आणि पाणी घराच्या मोरीत नव्हे, खुराड्याजवळच ठेवा, म्हणजे हात घराच्या दाराची कडी धरण्याआधीच धुतले जातील. साबण लावून २० सेकंद हात चोळायचे. सॅनिटायझर हा पाणी नसेल तेव्हाचा उपाय आहे, मळलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही. कोंबडीचा पापा घ्यायचा नाही, तिला गालाशी धरायचं नाही, तिच्याजवळ बसून काही खायचं नाही. कोंबडी घरात नाही, स्वयंपाकघरात तर मुळीच नाही. आणि तुम्हीही हे सगळं करायला हवं. मूल आईचे हात बघतं, आईचं बोलणं नंतर ऐकतं.

अंड्यांबाबत एक सवय लावून घ्या. अंड्यावर नैसर्गिक थर असतो, तो कवचाची हजारो सूक्ष्म छिद्रं बंद ठेवतो. थंड पाण्यात अंडं बुडवून धुतलं तर थर जातो आणि आतला भाग आकसून बाहेरचं मळकट पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. थोडा मळ असेल तर कोरड्या खरखरीत कापडाने पुसा. फार माखलेलं किंवा तडा गेलेलं अंडं टाकून द्या. मुलांना अंडं बलक घट्ट होईपर्यंत शिजवूनच द्या. खरं तर पेटीतला भुसा कोरडा आणि स्वच्छ ठेवला, कोंबड्यांना रात्री पेटीत झोपू दिलं नाही आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा केली, तर पुसायची वेळ फार थोड्या अंड्यांवर येते.

खुराड्याची गादी, म्हणजे खाली अंथरलेला भुसा, बदलताना मुलं तिथे नकोत. कोरड्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट. आधी पाण्याचा हलका फवारा मारा, तोंडावर मास्क बांधा, मग उपसा. आणि एक परीक्षा अधूनमधून करत जा: खुराड्यात उकिडवं बसा आणि श्वास घ्या. आपण उभे असताना वास येत नाही, पण मुलाचं नाक आणि कोंबडीचं नाक खाली असतं. तिथे डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय, गादी ओली आहे, वारा कमी पडतोय. तूस किंवा लाकडाचा भुसा १०-१५ सेंटिमीटर जाड अंथरा, वर कोरडा थर टाकत राहा, आणि भिंतीच्या वरच्या बाजूला, दांड्यावर बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यावरून वारा जाईल अशी जाळीची खिडकी ठेवा. निघालेलं खत ताजं असताना पिकाला देऊ नका, ते जाळतं. शिवाय मुलं जी भाजी वाफ्यातून तोडून कच्ची खातात, तिच्या वाफ्यात ताजं खत घातल्यापासून तोडणीपर्यंत किमान चार महिने जाऊ द्या, किंवा पूर्ण कुजवलेलंच वापरा.

खुराडं बांधताना मूल डोळ्यांसमोर ठेवून बांधा. एका पक्ष्याला आत ४ चौरस फूट, बाहेरच्या जाळीच्या अंगणात १० चौरस फूट, दांड्यावर २०-२५ सेंटिमीटर जागा, आणि दर ४ कोंबड्यांमागे अंडी घालायची एक पेटी, एक फूट लांब-रुंद. हे कुठेही वाचायला मिळेल. न मिळणाऱ्या गोष्टी या: अंड्यांच्या पेटीचं झाकण बाहेरून, मुलीच्या छातीच्या उंचीला उघडणारं करा, म्हणजे तिला आत न शिरता अंडी काढता येतात आणि तिचे पाय मळत नाहीत. मोठ्या दाराची कडी बाहेरून जशी लागते तशी आतूनही उघडता आली पाहिजे. लपाछपीत मूल आत शिरतं आणि धाकटं बाहेरून कडी लावतं, हे आमच्याकडे भर उन्हात घडलं आहे. आणि कडी दोन हालचालींची हवी, आधी उचलायची आणि मग सरकवायची. नुसता अडकवायचा आकडा जनावराच्या पंजाने निघतो.

षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, शत्रू बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती फाडतो, मुंगसासारखं जनावर तिच्यातून घुसतं किंवा पंजा घालून पक्षी ओढतं. रात्रीच्या खुराड्याला १२ मिलिमीटरची वेल्डेड जाळी लावा आणि खाली फूटभर खोल पुरा, नाहीतर जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवा. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला लागतं, त्याला मागे सरकून सुरुवात करायचं सुचत नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट कळकळीने सांगते, जरी तुम्ही विचारली नाही. शेतावर मुलाच्या जिवाला असलेल्या धोक्यांमध्ये कोंबड्या फार खालच्या क्रमांकावर आहेत. वर आहेत ट्रॅक्टर, विहीर, टाकी आणि कीटकनाशकाचा डबा. कोंबड्यांमुळे त्यात दोन गोष्टींची भर पडते. पाण्याचं पसरट भांडं किंवा बादली: ३ वर्षांच्या मुलाला तोंड बुडण्याएवढं पाणीही जीवघेणं ठरतं, म्हणून उघड्या टबाऐवजी निपलचं (चोच लावली की थेंब येणारं) किंवा अरुंद पन्हळीचं भांडं वापरा. आणि उंदरांचं औषध: खाद्यामुळे उंदीर येतात, मग लोक विषाच्या वड्या ठेवतात. जिथे मुलं आणि कोंबड्या वावरतात तिथे विष नकोच. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा, संध्याकाळी सांडलेलं झाडून घ्या, पिंजरा लावा.

मुलं हातात येईल ते कोंबड्यांना घालतात. त्यासाठी आमच्याकडे एक लाल बादली आहे. घरातलं जे काही कोंबड्यांना जायचं ते आधी त्या बादलीत, आणि बादली नेण्याआधी मोठ्या माणसाने बघायची. कच्चा राजमा किंवा तशा कोरड्या शेंगबिया, हिरवा पडलेला बटाटा, ॲव्होकॅडोची साल आणि बी, चॉकलेट, खारट पदार्थ, बुरशी आलेला दाणा यांतलं काहीही जाता कामा नये. बुरशीच्या दाण्यातलं विष यकृत बिघडवतं, आणि ‘माणसाला चालत नाही ना, मग कोंबडीला घाला’ ही सवय तिथे महागात पडते. पिल्लं असतील तेव्हा अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य त्यांना खाऊ देऊ नका. त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, ते कवचासाठी लागतं, पण वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना त्रास देतं.

आता मुलीला काय काम द्यायचं ते. अंडी गोळा करणं, मोजणं आणि वही लिहिणं. पहिल्या दोन कामांना महत्त्व आहेच, पण माझा सगळा भर वहीवर आहे. साधी रेघांची वही, रोज एक ओळ: तारीख, अंडी किती, हवा कशी, आणि एखादी गोष्ट दिसली असेल तर ती. सुरुवातीला ती दोन शब्द लिहील. चालेल. एखादा दिवस चुकला तर कोणी मरत नाही, हाच या कामाचा मोठा गुण आहे.

आणि तीन महिन्यांनी तीच वही बोलायला लागते. एक अंडं तयार व्हायला कोंबडीला २४ ते २६ तास लागतात, म्हणून एकाच कोंबडीचं अंडं रोज थोडं उशिरा येतं आणि मग एक दिवस खाडा पडतो. हे माझ्या मधल्याने ८ व्या वर्षी वहीतून शोधून काढलं, मी सांगितलं नव्हतं. अंडी ५ वरून २ वर आली की मूल विचारतं, का? मग शोध सुरू होतो. दिवस लहान झाले का (भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो), पिसं झडायला लागली का, उकाड्याने पक्षी चोच उघडून धापा टाकतायत का, कोणी झुडपात चोरून अंडी घालतंय का, की कोणाला अंडं फोडून खायची चटक लागलीय? प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती मुलाला सापडते. खालच्या उंचीवरून त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

थोर्लेइफ शेल्डेरुप-एब्बे नावाचा नॉर्वेचा प्राणिशास्त्रज्ञ होता. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला चोच मारायची याची एक ठरलेली उतरंड असते, हे त्याने १९२१ मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं. आज माणसांच्या कचेऱ्यांबद्दल बोलतानाही लोक ती कल्पना वापरतात. त्या प्रबंधातल्या काही नोंदी त्याने स्वतःच्या कोंबड्यांबद्दल १० वर्षांचा असल्यापासून लिहून ठेवलेल्या होत्या. मी हे माझ्या मुलांना सांगितलं तेव्हा दोघांनी दुसऱ्याच दिवशी दाण्याच्या भांड्याजवळ ठाण मांडलं आणि आमच्या कळपाची उतरंड काढली. सगळ्यात वर एक लहानखुरी, काळी कोंबडी निघाली. मी इतकी वर्षं सगळ्यात थोराड असलेलीलाच म्होरकी समजत होते.

ही उतरंड व्यवहारातही कामाची आहे. नवीन पक्षी एकदम कळपात सोडू नका, रक्त निघेपर्यंत टोचतात. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवून मग जाळीच्या दोन बाजूंना आठवडाभर एकमेकांना बघू द्या. दाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन ठेवा, म्हणजे खालच्या पायरीवरची उपाशी राहत नाही. जखमी पक्षी लगेच वेगळा करा, लाल रंग दिसला की बाकीचे तिथेच चोच मारतात.

१०-११ वर्षांपासून मूल पाण्याची भांडी घासणं, खाद्य मोजून घालणं, पक्षी नीट धरून पाय आणि पिसांखाली उवा-माईट तपासणं हे शिकतं. १३-१४ नंतर एखादी संध्याकाळ पूर्ण सांभाळू शकतं, तुम्ही घरात असताना. याआधी नाही. मुलं हट्ट करतात, शेजारीपाजारी म्हणतात की आमचा तर सातव्या वर्षी सगळं करतो. म्हणू द्या.

आजारपणाचं थोडक्यात सांगते, कारण इथे तुमच्या जवळचे पशुवैद्यकच उपयोगी पडतील. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस पिल्लू निघाल्या दिवशीच द्यावी लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आणि देवी यांच्या लसींचं वेळापत्रक त्यांच्याकडून लिहून घ्या आणि भिंतीवर लावा. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत ते दर वेळी विचारा. मुलांना एकच नियम पाठ करून द्या: मेलेल्या किंवा मान टाकलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, पळत येऊन सांगायचं. एकदम दोन-तीन पक्षी मेले तर मुलांना तिथून लांब ठेवा, स्वतःही उघड्या हाताने काही उचलू नका, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लूच्या बाबतीत हे थांबण्यासारखं काम नाही.

मरणाबद्दल मुलांशी बोलावंच लागेल, पहिल्याच वर्षी. कोंबडी दोन-तीन वर्षं चांगली अंडी देते आणि जगू शकते ६ ते ८ वर्षं, कधी त्याहून जास्त. अंडी थांबल्यावर काय करायचं हे पक्षी आणण्याआधी तुम्ही दोघांनी ठरवा आणि मुलीला सांगा. म्हाताऱ्या कोंबड्या ठेवायच्या, द्यायच्या की खायच्या, हा तुमच्या घराचा निर्णय आहे आणि यांतलं काहीही मुलांना समजू शकतं. खोटं मात्र समजत नाही. मी एकदा मधल्याला सांगितलं होतं की जुन्या कोंबड्या एका मोठ्या शेतावर राहायला गेल्या. दोन वर्षांनी त्याला खरं कळलं. कोंबड्या गेल्याचं त्याला फार वाटलं नाही, पण त्या दोन वर्षांत तो त्यांना भेटायला कधी जायचं हे मला विचारत राहिला होता आणि मी दर वेळी ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणत राहिले होते. ते त्याला लागलं. त्यानंतर मी मुलांना पक्ष्यांबद्दल एकही गोष्ट झाकून सांगितली नाही. बघायची सक्ती करू नका, लपवूही नका. विचारलं की सांगा, जेवढं विचारलं तेवढं.

वेळेचं विचाराल तर ६-८ पक्ष्यांना रोज २०-२५ मिनिटं आणि आठवड्याला एक तास लागतो. आजारपण, पेरणी, काढणी, घरात तान्हं बाळ असेल तेव्हाही ही मिनिटं टळत नाहीत. म्हणून पाण्याचं भांडं दोन दिवसांचं मावेल एवढं मोठं घ्या (पाणी रोज बदलायचंच, पण एखादी सकाळ हुकली तर पक्षी तहानेले राहत नाहीत) आणि तुमच्या गैरहजेरीत येईल असं एक मोठं माणूस आधीच ठरवून ठेवा.

तलंगा दिवस मावळताना आणा. अंधारात दांड्यावर बसवा, पहिले पाच-सहा दिवस खुराड्यातच ठेवा, म्हणजे झोपायची जागा कोणती ते त्यांच्या अंगवळणी पडतं आणि नंतर संध्याकाळी त्या आपण होऊन परततात. त्या पाच-सहा दिवसांत मुलीने जाळीबाहेर बसून प्रत्येकीची एक खूण वहीत लिहायची: रंग, पाय, तुरा, चालायची ढब. चित्र काढलं तरी उत्तम. पहिल्या रात्री तिला टॉर्च धरू द्या, मोठ्याने मोजू द्या, मग तुम्ही मोजा आणि कडी लावा.